तैनातीनंतरची तपासणी: आधी कान, मग झोप, मग मन, आणि छाती अजून चालू आहे

हे लिहितोय ते तैनातीवरून परत येऊन बरीच वर्षं झालेल्या फौजी लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. परत आल्यावर पहिले काही महिने सगळेच विचारतात, कसा आहेस, झोप लागते का, जेवण जातं का. माझा त्रास वर आला तो त्यानंतर खूप उशिरा, तोवर वर्दी उतरली होती, दुसरी नोकरी लागली होती, मुलं मोठी झाली होती आणि विचारणारं कुणी उरलं नव्हतं. शिवाय त्रास एकदम आलाच नाही. आधी कानात शिट्टी सुरू झाली, मग गुडघे आणि कंबर, मग रात्री दचकून उठणं, मग जिना चढताना धाप, मग घरात कुणाच्या हातून भांडं पडलं तरी अंगावर धावून जाणं. आणि प्रत्येक गोष्टीला वेगळा डॉक्टर. कानवाल्याला झोपेचं माहीत नाही, हाडवाल्याला कानाचं माहीत नाही, आणि इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नाही की तुम्ही आधी काय काम करायचात.

ते विचारलं एका फिजिशियन मॅडमनी, मी बीपी वाढलं म्हणून गेलो होतो तेव्हा. फौजेत होतो म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, गोळी देते, पण त्याआधी मला तुमच्या नोकरीचा तक्ता करून आणा. वर्षाप्रमाणे. कुठे होतात, काय काम होतं, कानावर कसले आवाज, नाकातोंडात कसला धूर-धूळ, पाठीवर किती वजन, डोक्याला मार किंवा जवळ स्फोट, कुठल्या लसी आणि गोळ्या घेतल्या, झोप किती मिळायची.

हा तक्ता करणं हे या सगळ्या प्रोसेसमधलं सगळ्यात उपयोगी काम होतं असं मी आज ठामपणे सांगेन, आणि वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या रात्री मी एक पान लिहिलं आणि मला वाटलं झालं. मग जुन्या पलटणीतल्या दोघा-तिघांना फोन केले तर एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. एकजण म्हणाला, अरे आपल्या तंबूच्या मागेच जनरेटर होता की, रात्रभर चालायचा. दुसऱ्याने आठवण करून दिली की कचरा, प्लास्टिक, जुन्या बॅटऱ्या, सगळं एकाच खड्ड्यात टाकून डिझेल ओतून जाळायचे आणि वारा फिरला की धूर आपल्यावर. मॉर्टरच्या ट्रेनिंगचे आठवडे मी धरलेच नव्हते, कारण ट्रेनिंगला आपण तैनाती समजत नाही, पण कानाला आणि डोक्याला ते कळत नाही, त्यांना धक्का तो धक्काच. आणि बायकोने स्वतःहून एक रकाना वाढवला, सुट्टीवर आलास तेव्हा कसा होतास. तिने त्यात जे लिहिलं ते वाचून मी बराच वेळ काही बोललो नाही. कुठल्या सुट्टीपासून मी दाराकडे तोंड करूनच बसायला लागलो, कधीपासून लग्नाकार्याला जायचं टाळायला लागलो, हे तिला वर्षासकट आठवत होतं, मला नाही.

असा तक्ता का महत्त्वाचा ते मला नंतर वाचून जास्त कळलं. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे जवळपास ७ लाख सैनिक होते. युद्ध थोडक्यात आटोपलं, पण परत आलेल्या हजारो लोकांना थकवा, सांधेदुखी, पोट बिघडणं, विसराळूपणा, लक्ष न लागणं असला त्रास सुरू झाला आणि कितीतरी वर्षं त्यांना हेच ऐकवलं गेलं की टेन्शन आहे. २००८ साली तिथल्या सरकारी संशोधन समितीने मान्य केलं की हा खरा आजार आहे, चौघांत किमान एकाला आहे, आणि कीटकनाशकं आणि नर्व्ह गॅसपासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइडच्या गोळ्या यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. सतरा वर्षं गेली. त्यातली एक मोठी अडचण साधी होती, कोण नेमका कुठे होता आणि कुणी किती गोळ्या घेतल्या याच्या नोंदीच धड नव्हत्या. म्हणून जे अजून सर्व्हिसमध्ये आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आत्ताच लिहून ठेवा, डोक्याला मार लागला तर एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाऊन नोंद करून घ्या, चक्कर येऊन थांबली असली तरी.

तक्ता पाहून मॅडमनी सुरुवात कानापासून केली. छोट्या बंद केबिनमध्ये हेडफोन लावून बसायचं, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. माझा ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, बघून ऑडिओलॉजिस्ट लगेच म्हणाले, गोळीबाराचा कान आहे. रेघ सरळ चाललेली असते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात जाते आणि मग जरा वर येते, मोठ्या आवाजाने झालेलं नुकसान असंच दिसतं. १४० डेसिबलच्या वरचा एक आवाजसुद्धा कानाला कायमचा धक्का देऊ शकतो आणि रायफल ती रेषा सहज ओलांडते. आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. स, श, फ असले आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीत असतात, त्यामुळे मला माणूस बोलतोय हे ऐकू यायचं पण काय बोलतोय ते कळायचं नाही, आणि घरचे समजायचे की हा लक्षच देत नाही. कितीतरी भांडणं यातून झालीत. कानाचं मशीन लावल्यावर शिट्टी गेली नाही, ती जात नाहीच म्हणे बहुतेकांची, पण बाहेरचे आवाज आत यायला लागल्यावर ती मागे पडली, आणि रात्री हळू आवाजात पंख्यासारखा काहीतरी आवाज चालू ठेवला की झोपताना तिच्यावर लक्ष जात नाही.

गुडघे-कंबरेचं थोडक्यात सांगतो. वर्षानुवर्षं वजन वाहिल्याचा परिणाम, फिजिओने मांडीचे आणि पोटाचे स्नायू मजबूत करायचे व्यायाम दिले, कंटाळवाणे आहेत, पण उपयोग होतो.

झोपेची टेस्ट मात्र डोळे उघडणारी निघाली. डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावून रात्रभर झोपवतात. मी मनात धरूनच चाललो होतो की माझी झोप मोडते ती स्वप्नांमुळे. रिपोर्टमध्ये आलं स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास थांबतो, ऑक्सिजन खाली जातो आणि मेंदू घाबरून उठवतो. तासाला ५ पेक्षा जास्त वेळा असं झालं तर आजार धरतात, १५ च्या वर मध्यम, ३० च्या वर गंभीर. मी मध्यम मधे होतो. स्वप्नंही होतीच, पण दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत होती, श्वास अडकला की स्वप्न वाईट, आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी डोकं भडकलेलं. बीपी गोळीने नीट का येत नव्हतं तेही इथे कळलं, कारण ॲप्निया बीपी वाढवतो.

सीपॅपचं मशीन दिलं, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवतं. आता ज्याने गॅस मास्क घालून काम केलंय त्याला रात्री अंधारात तोंडावर मास्क बांधायला सांगितलं तर काय होतं ते सांगायला नको, पहिल्या रात्री मी तो ओढून फेकला. टेक्निशियन मुलगा फार समजूतदार होता, म्हणाला काका, आठवडाभर रात्री लावूच नका, दिवसा जागेपणी टीव्ही बघताना लावा, आधी नुसता हातात धरून नाकाशी, मग पट्टा बांधून, मग मशीन चालू करून. तसं केलं आणि जमलं. ज्यांनी सीपॅप आपल्याला जमत नाही म्हणून कपाटात ठेवलंय त्यांनी हे एकदा करून बघा.

याआधी एका ठिकाणी मला झोपेसाठी बेन्झोडायझेपिन प्रकारातल्या गोळ्या बराच काळ दिल्या होत्या. युद्धासारख्या आघातानंतर मनाला होणाऱ्या त्रासात त्या टाळाव्यात असं आता गाइडलाइन्समध्ये स्पष्ट म्हटलंय, सवय लागते आणि मूळ त्रासाला फायदा होत नाही. मॅडमनी त्या एकदम बंद केल्या नाहीत, हळूहळू कमी करत आणल्या, एकदम बंद करणं धोक्याचं असतं हे लक्षात ठेवा. दारूचंही तेच, झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते.

एवढं होऊनही स्वप्नं राहिली. मग मॅडम म्हणाल्या, आता सायकॉलॉजिस्टकडे जायचं. इथे आपल्या लोकांचं पाऊल अडतं, माझंही अडलं. कानासाठी जाणं ठीक, गुडघ्यासाठी ठीक, पण डोक्यासाठी गेलो तर मेडिकल कॅटेगरी (फिटनेसचा दर्जा) जाईल ही भीती सर्व्हिसमध्ये इतकी मुरलेली असते की रिटायर झाल्यावरही ती जात नाही. मला ज्याने धीर आला ती गोष्ट सायकॉलॉजिस्ट सरांनी पहिल्याच भेटीत सांगितली. १८७१ साली डा कोस्टा नावाच्या डॉक्टरने अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, धाप, छातीत दुखणं नोंदवून ठेवलं, हृदयात दोष सापडेना पण माणूस खरंच आजारी. १९१५ मध्ये मायर्स नावाच्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात शेल शॉकवर, म्हणजे लढाईत सैनिकांच्या मनाला बसणाऱ्या धक्क्यावर, लिहिलं. १९८० साली कुठे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात टिकून राहणारा त्रास, हे निदान अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं. म्हणजे दीडशे वर्षं डॉक्टर हेच बघतायत, वेगवेगळ्या सैन्यांत, वेगवेगळ्या युद्धांत. हे ऐकून माझ्या खांद्यावरचं ओझं खरंच हललं, कारण तोपर्यंत मला वाटायचं की बाकी सगळे निभावून गेले आणि आपणच कच्चे निघालो.

मग प्रश्नावली. २० प्रश्न, गेल्या महिन्याभरात किती त्रास झाला ते ० ते ४ मध्ये सांगायचं, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की नीट तपासणी करतात, नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. मी बऱ्याच ठिकाणी १ लिहिला होता. सरांनी माझी परवानगी घेऊन बायकोला आत बोलावलं आणि तेच प्रश्न तिच्या नजरेतून विचारले, आणि चित्र बदललं. त्रास वर्षांनी वर येणं हेही नवीन नाही, घटनेनंतर ६ महिने किंवा त्याहून उशिरा पूर्ण लक्षणं आली तर त्यासाठी निदानात वेगळी नोंदच आहे. माझ्या बाबतीत नोकरीची धावपळ कमी झाली आणि वर आलं, असं अनेकांचं होतं म्हणाले.

त्यांनी एक प्रश्न अगदी सरळ विचारला, जीव द्यावासा वाटतो का, तसं काही ठरवलं होतं का, घरात हत्यार आहे का. आडवळण नाही. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात ते येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ऑस्ट्रेलियात सैनिक आणि माजी सैनिकांच्या आत्महत्यांवर २०२१ मध्ये रॉयल कमिशन नेमलं होतं, त्यांचा अंतिम अहवाल २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आला, १२२ शिफारशी. तिथल्या आकड्यांत हे दिसतं की सर्व्हिसमध्ये असलेल्या पुरुषांपेक्षा सर्व्हिस सोडलेल्यांना धोका जास्त आहे. मला वाटतं हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवं, कारण माणूस घरी आला की घरचे निर्धास्त होतात. आमच्या घरी उपचार चालू असेपर्यंत हत्यार आणि जास्तीच्या गोळ्या घराबाहेर, भावाकडे ठेवायचं ठरलं. मला त्यात अपमान वाटला नाही, उपचाराचाच भाग वाटला.

औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांना चांगला आधार आहे, मला सर्ट्रालिन सुरू केलं. बोलण्याच्या उपचारांत दोन पर्याय समोर ठेवले. एक कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, साधारण १२ सेशन, त्यात घटनेबद्दल मनात अडकून बसलेल्या समजुती लिहून तपासतात. दुसरी प्रोलाँग्ड एक्स्पोजर, एडना फोआ यांनी विकसित केलेली, ८ ते १५ सेशन, दीड तासापर्यंतचं एकेक. मी दुसरी घेतली कारण मला लिहायचा कंटाळा आहे पण सांगू शकतो असं वाटलं.

याचे दोन भाग. पहिला, जे जे टाळतो त्याची यादी, प्रत्येकाला ० ते १०० आकडा, किती घाबरायला होतं त्याचा. खालून सुरुवात. भरलेल्या हॉलमध्ये दाराकडे पाठ करून बसणं माझ्याकडे मधल्या आकड्यावर होतं. तिथे जायचं आणि धडधड उतरेपर्यंत उठायचं नाही. पहिल्यांदा पाठीवर कुणीतरी उभं आहे असंच वाटत राहतं, घाम येतो, सगळ्यांचे हात बघत बसतो आपण, पण थांबलं की उतरतं, आणि पुढच्या वेळी लवकर उतरतं, हे अंगाने शिकावं लागतं, सांगून कळत नाही.

दुसरा भाग अवघड. डोळे मिटून ती घटना आत्ता घडतेय अशी सांगायची, मी चालतोय, मी बघतोय असं, वास-आवाजासकट, पुन्हा पुन्हा. रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं. माझी घटना अशी, आमचा एक जखमी जवान आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं, आणि मी त्याच्याजवळ होतो. तो वाचला नाही. यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही. इतकी वर्षं माझ्या डोक्यात ती रात्र संपूर्ण मुकी होती, मी त्याच्यापाशी दगडासारखा बसून राहिलो, एक शब्दही बोललो नाही, हेच मला खात असायचं. काही सेशननंतर सांगता सांगता माझ्याच तोंडून आलं की मी त्याला त्याच्या मुलीचं नाव विचारतोय. मग पुढच्या वेळी आणखी, मी त्याला ट्रेनिंगमधले किस्से सांगतोय, तो हसायचा प्रयत्न करतोय, मी पूर्ण वेळ बोलत होतो. आठवण बदलली नाही, ती पूर्ण झाली. टाळत राहिल्याने मला तिचा तेवढाच तुकडा सारखा सारखा दिसत होता.

हे होण्याआधी मधले काही आठवडे सगळं जास्त बिघडलं, स्वप्नं वाढली, घरात बोलणं बंद झालं. सरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं आणि बायकोलाही समोर बसवून सांगितलं होतं, म्हणून आम्ही टिकलो. बरेच लोक नेमके इथे सोडून देतात असं ते म्हणाले. तुम्ही हे करणार असाल तर सेशननंतर लगेच कामाला जायचं ठेवू नका, गाडी स्वतः चालवू नका, आणि घरातल्या एकाला तरी आठवड्याचा प्लॅन माहीत असू द्या. उपचार करणाऱ्याला या पद्धतीचं ट्रेनिंग आहे का ते मोकळेपणाने विचारा, नुसत्या गप्पा आणि ही थेरपी यांत फार फरक आहे.

आता स्वप्नं क्वचित पडतात आणि पडली तरी मी उठून पाणी पिऊन परत झोपतो. आवाजाला दचकतो अजून, पण अंगावर धावून जाणं थांबलंय. लग्नाला जातो, पूर्ण वेळ बसतो. बीपी एका गोळीवर आहे. कोलेस्टेरॉल आणि शुगर नियमित बघतात, कारण पीटीएसडी असलेल्यांत हृदयविकार आणि डायबेटिस जास्त आढळतात, म्हणजे मनाचा इलाज झाला तरी अंगाची तपासणी सुटत नाही.

राहिली छाती. माझी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची टेस्ट, नॉर्मल आली, एक्सरे नॉर्मल, तरी जोरात चाललं की धाप लागते. मॅडमनी तक्त्यातला तो कचऱ्याचा खड्डा दाखवून फाइल बंद करायला नकार दिला याचं मला खूप बरं वाटलं. २००३ मध्ये इराकमधल्या मोसुलजवळ मिश्राक इथे गंधकाच्या कारखान्याला आग लागली होती, त्या धुरात राहिलेल्या आणि इतर तैनातीवरून आलेल्या धाप लागणाऱ्या काही अमेरिकन सैनिकांची तपासणी २०११ साली छापून आली. बऱ्याच जणांच्या नेहमीच्या टेस्ट जवळपास नॉर्मल होत्या, पण फुप्फुसाचा तुकडा काढून बघितला तर ३८ जणांत बारीक श्वासनलिका आकसलेल्या सापडल्या. जळत्या कचऱ्याच्या धुराने झालेल्या आजारांसाठी अमेरिकेत कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं. माझा तुकडा काढायची गरज आत्ता नाही असं छातीचे डॉक्टर म्हणतात, त्यांनी श्वास आत घेऊन आणि सोडून असा दोन्ही वेळचा सीटी स्कॅन आणि चालण्याची टेस्ट सांगितली आहे आणि दर वर्षी तीच स्पायरोमेट्री परत, म्हणजे आकडे घसरतायत का ते माझ्याच जुन्या आकड्यांशी ताडून बघता येईल. सीटीची तारीख मिळाली आहे. पलटणीतल्या ज्या दोघांचा तंबू माझ्या शेजारीच होता त्यांनाही मी तक्ता पाठवलाय, त्यांच्यातल्या एकाला गेल्या वर्षापासून खोकला आहे आणि त्याच्या डॉक्टरला तो धुराचा खड्डा अजून माहीतच नव्हता.